विद्वानांचा डावा खांदा

८ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि त्याच्या पाठोपाठ भांडण.

काल विद्यापीठाचे कुलसचिव दुकानात आले होते. पदवीदान समारंभ मार्चअखेरीस आहे आणि वर्षभरात त्यांचं पोट त्यांच्या झग्याच्या पुढे निघून गेलंय, म्हणून माप द्यायला. मी टेप गुंडाळला, त्यांनी श्वास आत ओढला आणि तशाच अवस्थेत म्हणाले, "तुमच्या भगिनींना यंदा मानद डॉक्टरेट द्यायचं ठरलंय. पत्र पाठवून महिना झाला, त्यांचं उत्तर नाही." माझ्या हातातून टेप सुटला. त्यांचा श्वासही सुटला. खरं माप तेव्हा मिळालं.

ताई, देशातली पहिली मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढणारी बाई तू! माणसाच्या मनात काय काय चालतं यावर जाडजूड पुस्तकं लिहिलीस, आणि सख्ख्या बहिणीच्या मनाचा एवढाही विचार नाही? ही बातमी मला परक्याच्या पोटाला टेप लावताना कळावी?

मी विसरले नाहीये. बायकांना वर्गात मज्जाव, म्हणून तू बाहेरच्या कोट टांगायच्या खोलीत बसायचीस, दार किलकिलं करून, गुडघ्यावर वही. एकट्या मुलीने विद्यापीठात जायचं नाही असं बाबांचं म्हणणं, म्हणून सोबतीला दुसरी मुलगी दिली, म्हणजे मी. तू दाराच्या फटीतून तत्त्वज्ञान ऐकायचीस आणि मी कंटाळून प्राध्यापकांच्या कोटांची अस्तरं उलटून बघायचे. तू तत्त्वज्ञ झालीस, मी शिंपीण झाले. खोली एकच होती.

आणि शेवटी काय झालं? तिन्ही परीक्षकांनी एकमताने लिहिलं की असा उमेदवार आजवर पाहिला नाही. मंडळाने तितक्याच एकमताने लिहिलं की बाईला पदवी द्यायचा नियम नाही. आज इतक्या वर्षांनी त्यांना शहाणपण सुचलंय, तर तू मुकाट्याने हो म्हण. तुला त्या झग्यात एकदा बघायचंय मला. अख्ख्या विद्यापीठाचे झगे शिवते मी, आणि माझ्या घरची बाई तेवढी बिनझग्याची.

मानद झग्याला लाल अस्तर लागतं. रेशीम आणलंसुद्धा. मापं पाठव. माझ्याकडे आहेत ती तुझ्या तरुणपणची.

तुझी,
टाचणी


१६ जानेवारी

प्रिय टाचणी,

हे नाव मी तुला उगाच ठेवलेलं नाही, याची तुझ्या प्रत्येक पत्रात नव्याने खात्री पटते.

मी कुलसचिवांना उत्तर दिलं नाही, कारण सभ्य भाषेत नकार लिहायला मला वेळ लागतो. असभ्य भाषेतला पहिल्या दिवशीच तयार होता.

तूच लिहितेस की मानद झग्याला लाल अस्तर असतं. म्हणजे कमावलेल्याला वेगळं असणार. तुला अस्तरातला फरक कळतो, मग यातला कसा कळत नाही? मी परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाले. माझी वस्तू त्यांच्याकडे राहिलेली आहे. ती परत करताना ते तिला भेट म्हणणार, वर फीत बांधणार, आणि मी उभी राहून आभार मानायचे? ते माझ्याने होणार नाही. रेशीम परत कर.

आता कामाचं. येत्या उन्हाळ्यात मी निवृत्त होते आहे. प्रयोगशाळेच्या माळ्यावरची घड्याळं, रंगीत पुठ्ठे आणि दोन कावलेल्या विद्यार्थिनी पुढच्या बाईंच्या हवाली करायच्या आहेत. त्याआधी एक शेवटचा निबंध मार्चमधल्या परिषदेत वाचायचा आहे. त्यासाठी विद्यापीठाच्या लांब व्हरांड्यात दरवर्षीच्या पदवीदान समारंभाची छायाचित्रं टांगलेली असतात, त्यांच्या प्रती हव्यात. सगळ्या वर्षांच्या. तुझी तिथे ये-जा असते. कशासाठी ते विचारू नकोस. मी सांगितलं की तुला तेच दिसायला लागेल, आणि मग तुझ्या डोळ्यांचा मला काही उपयोग राहणार नाही.

तब्येत सांभाळ. तोंडात टाचण्या धरून बोलत जाऊ नकोस.

तुझी,
ताई


४ फेब्रुवारी

ती. ताईस,

छायाचित्रांचा गठ्ठा वेगळा पाठवलाय. व्हरांड्यातून एकेक तसबीर उतरवताना शिपायाने मला चोर ठरवलं. मी झटकन शेजारच्या खुंटीवरचा एक झगा अंगावर चढवला, तर त्याने सलाम ठोकला आणि शिडी धरून उभा राहिला. तिथली माणसं माणसाकडे बघतच नाहीत. समारंभाच्या दिवशी दारावरही हाच असतो, झगा दिसला की आत सोडतो. झगा घालून गाढव आलं तरी त्याला पुढच्या रांगेत बसवील.

आता एक सांगते, रागावू नकोस. म्हणजे रागावशीलच, पण निदान पत्र पूर्ण वाच.

कुलसचिव झगा न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "ताईंचं काय?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी नुसती मान हलवली. आता मान कशी हलली हे माझ्याने सांगवत नाही, पण त्यांनी ती उभी हलली असं धरलं आणि आनंदाने निघून गेले. मी टाचण्या काढीपर्यंत ते कोपऱ्यावर पोचले होते. हाक मारता आली असती. मारली नाही.

लाल अस्तराचा झगा बेतून झालाय. घालून तर बघ. लहानपणी तू माझ्यावर ते जोड्यांचे प्रयोग केलेस, रंग दाखवायचा आणि आकडा घोकून घ्यायचा. आजही हिरवं रीळ हातात घेतलं की कानात सत्तेचाळीस ऐकू येतं. गिऱ्हाईक विचारतं, "बाई, एकट्याच काय पुटपुटता?" तेवढं सगळं मी सोसलं. त्याच्या बदल्यात अर्धा तास व्यासपीठावर उभं राहणं जास्त होतं का ग तुला?

तुझी,
टाचणी


२२ फेब्रुवारी

टाचणी,

मान हलवण्यासंबंधी मी काहीही लिहिणार नाही. कुलसचिवांना स्वच्छ शब्दांत नकार पाठवला आहे. असभ्य मसुद्यातली दोन वाक्यं त्यात आली, त्याला तू जबाबदार.

पण आज मी रागावू शकत नाही इतकी आनंदात आहे. तुझ्या छायाचित्रांनी कमाल केली! आता कारण सांगते.

चार-पाच वर्षांपूर्वी एका समारंभाचं छायाचित्र बघताना माझ्या लक्षात आलं होतं की सगळ्या डॉक्टरांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. मला वाटलं, योगायोग. आता सगळी वर्षं भिंगातून बघितली. जुन्या छायाचित्रांत खांदे सरळ आहेत. मग एका सालापासून डावा खांदा एकदम उतरतो, आणि त्यानंतर आजतागायत एकाही विद्वानाचा वर आलेला नाही! पुढे स्त्रियांना पदव्या मिळू लागल्या, त्यांचाही तसाच. कडेला उभ्या असलेल्या शिपायाचा मात्र सरळ.

ते साल कोणतं माहीत आहे? विद्यापीठाचं नवं ग्रंथालय उघडलं ते. तेव्हापासून विद्वान मंडळी जाड ग्रंथ डाव्या काखेत मारून हिंडू लागली. उजवा हात लिहायला मोकळा हवा ना! म्हणजे ज्ञान नुसतं डोक्यात जात नाही, ते अंगात मुरतं, हाडांवर खूण करतं. शिपाई ग्रंथालयात जात नाही, म्हणून त्याचा खांदा शाबूत.

मानद पदवीवाल्यांचाही खांदा उतरलेला दिसतो, हे जरा कोड्यात टाकतं. बहुधा मान मिळाल्याबरोबर ओझं जाणवू लागत असावं. माझाही डावा खांदा खाली आहे, आरशासमोर उभी राहून खात्री केली. मी परीक्षा दिली ती त्याच सालची. सगळं जुळतं आहे.

निबंधाचं नाव 'विद्वानांचा डावा खांदा'. परिषद पहिल्या मार्चपासून तीन दिवस, मी पहिल्याच दिवशी वाचणार. जन्मभर लोकांनी मला माळ्यावरची बाई म्हटलं. जाता जाता त्यांना एकदा तोंडात बोट घालायला लावते.

तुझी,
ताई


तार, २७ फेब्रुवारी

निबंध वाचू नकोस. सविस्तर पत्रात. टाचणी.


२७ फेब्रुवारी

ताई ग,

तुझं पत्र आज मिळालं. वाचता वाचता मी कापडाच्या ताग्यावर बसले ती हसून हसून उठेचना. मग रडू आलं. मग तारघरात धावले. आता बसून लिहितेय. हे तुझ्या हाती आधी पडो, एवढंच मागणं.

खांदे ग्रंथालयाने उतरवलेले नाहीत. मी उतरवलेत.

तुझ्या परीक्षकांचा निकाल कळला तेव्हा मी आपल्या टेलर मास्तरांकडे काम शिकत होते. मंडळ पुढे काय करणार हे कुणाला ठाऊक? मी त्याच दिवशी काळं कापड घेतलं आणि तुझा झगा शिवायला बसले, निळ्या अस्तराचा, कमावलेल्यांचा असतो तसा. तुला न सांगता. तुझा डावा खांदा जन्मापासूनच जरा खाली, म्हणून ती बाजू मी हलकेच उतरती बेतली. झगा असा बसला असता की बघत राहावं. मग मंडळाचं पत्र आलं. मी झगा कपाटात खाली दडवला आणि तुला कधी बोलले नाही.

त्याच साली मास्तरांची नजर गेली आणि दुकान माझ्याकडे आलं. त्यांचे झग्यांचे पुठ्ठ्याचे नमुने गळक्या छपराखाली भिजून लगदा झालेले. समारंभ तोंडावर. घरात धड बेतलेला झगा एकच होता. तो पुठ्ठ्यावर पसरला, खडूने आखला आणि कात्री चालवली. लांबी-रुंदी ज्याच्या त्याच्या मापाने वाढवते. खांदा तोच राहिला.

पुढच्या वर्षी प्राध्यापक तक्रार करायला लागले, "बाई, डावीकडे झगा घसरतो." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवा नमुना कापायला काय, एक सकाळ पुरली असती. पण मी म्हटलं, का कापू? ज्यांनी माझ्या ताईला झगा दिला नाही, त्यांना जन्मभर तिचाच घालून मिरवू दे! प्रत्येकाला सांगते, "सर, ताठ उभे राहा, झगा बरोबर आहे." ते बिचारे ताठ उभे राहतात.

कुलगुरू, कुलसचिव, तुझ्या त्या मानदवाल्यांसकट सगळे, ताई, तुझ्या खांद्यात उभे आहेत इतकी वर्षं. ते कोडं तरी सुटलं ना? आता तो निबंध वाचू नकोस ग. लोक हसतील तुला, आणि ते मला सोसायचं नाही.

तुझी,
टाचणी


२ मार्च

प्रिय टाचणी,

तुझी तार मिळाली. ती कुलसचिवांनी तुझ्याकडून करवली हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. माझ्या नकाराने ते दुखावले, आता माझं संशोधन अडवायला बघतात. पुन्हा मान हलवलीस वाटतं?

निबंध वाचला! सभागृह तुडुंब. मी पडद्यावर छायाचित्रं दाखवली तेव्हा श्वासाचा आवाज येईना. संपल्यावर टाळ्या थांबेनात. चहाच्या वेळी सगळी विद्वान मंडळी एकमेकांचे खांदे निरखत होती. तर्कशास्त्राचे एक जाडे प्राध्यापक आपला डावा खांदा मुद्दाम खाली सोडून चालू लागले. ज्यांचा खांदा सरळ होता ते एका कोपऱ्यात उदास उभे होते, आणि त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नव्हतं.

परिषदेच्या पत्रिकेत निबंध पहिल्या पानावर छापणार आहेत. आता सांग, लाल अस्तराची गरज कुणाला आहे?

तुझी,
ताई


७ मार्च

टाचणी,

तुझं पत्र परिषदेच्या शेवटच्या दिवशी सकाळी हातात पडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग छायाचित्रं काढून बसले, आणि पहिल्यांदाच खांद्यांकडे न बघता शिवणीकडे बघितलं.

दुपारी सभागृहात गेले आणि बोलायची परवानगी मागितली. म्हटलं, "परवाचा सिद्धांत मी मागे घेते. विद्वानांचा खांदा ज्ञानाने उतरत नाही, माझ्या बहिणीच्या कात्रीने उतरतो." आणि सगळी हकिकत सांगितली. आधी कुणी हसायला धजेना. मग तर्कशास्त्राचे जाडे प्राध्यापक सरळ उभे राहिले, त्यांची हाडं कडकन वाजली, आणि अख्खं सभागृह फुटलं. मीही हसले. एकाने विचारलं, "हे संशोधन म्हणायचं की घरगुती भांडण?" मी म्हटलं, "या दोन गोष्टी वेगळ्या असतात असं मी कधीच म्हटलेलं नाही."

निबंध पत्रिकेतून काढून घेतला. लोक मला हसलेले तुला सोसणार नाही असं लिहिलंस. मला सोसलं, मजा आली. तू माझ्यासाठी धावत तारघरात गेलीस आणि मी त्यात कुलसचिव शोधत बसले, ते मात्र सोसत नाही.

तुझ्या पत्रात एक चूक आहे, ती सुधारते. माझा खांदा जन्मापासून असा नाही. तू वर्षाची होतीस तेव्हा आई अंथरुणाला खिळली. तुला खाली ठेवलं की तू भोकाड पसरायचीस. मग डाव्या कडेवर तू आणि उजव्या हाताने सगळं घर. मी शाळेचे धडेसुद्धा तसेच पाठ केले. तू चांगली चार वर्षांची झालीस तरी उतरायला तयार नव्हतीस. खांदा तेव्हा गेला. मी लिहिलं विद्वत्तेचं ओझं. ते तू होतीस, आणि बाळसेदार होतीस.

आठवतं, त्या खोलीत बसून मी एकदा ओरडले होते? आतून सर सांगत होते की मन म्हणजे नुसत्या सुट्या संवेदना, खुंट्यांवर कोट टांगावेत तशा. मी दाराच्या फटीतून म्हटलं, "पण सर, कोट कुणाचे तरी असतात!" सगळा वर्ग वळून बघू लागला आणि तू भीतीने एका कोटात शिरलीस. माझं सगळं तत्त्वज्ञान तेवढंच आहे. एकटं मन असं काही नसतं, ते कुणाचं तरी असतं, कुणाच्या तरी सोबतीने घडतं. जन्मभर हे सांगत फिरले, आणि खांदा तेवढा एकटा असतो असं धरून चालले. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी ही चूक दाखवली असती तर मी भांडले असते.

मी समारंभाला येते आहे. मानद पदवी घेणार नाही, तो नकार कायम. कपाटातला झगा काढ, ऊन दाखव, निळं अस्तर बघून घे. दारावर झगा बघतात, माणूस बघत नाहीत, असं तूच लिहिलंस. मी डॉक्टरांच्या मिरवणुकीतून चालणार आहे. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाने तिथे चालायचं असतं. फार उशीर झाला आहे एवढंच.

तुझी,
ताई


३१ मार्च

ती. ताईस,

तू गेलीस आणि दुकान एकदम मोठं वाटायला लागलं. तू पुढे बघून चालत होतीस, म्हणून मागे आणि वर काय झालं ते तुला दिसलं नाही. मी कोटांच्या खोलीच्या दारात उभी होते, दार किलकिलं करून. ते मी लिहिते.

शिपायाने तुला सलाम ठोकला. तू गाढवाच्या वाक्यामुळे हसलीस, ते मला कळलं. मग तू त्या सगळ्यांच्या मध्ये चालायला लागलीस. व्यासपीठावरून कुलसचिवांनी तुला पाहिलं. तुझा नकार त्यांच्या खिशात असणार, ती दोन वाक्यं धरून. ते बघत राहिले आणि सावकाश उठून उभे राहिले. मी झगा सैल केला होता म्हणून उठता आलं, हे कुणी लक्षात घेणार नाही. ते उठले म्हणून कुलगुरू उठले, त्यांना वाटलं कुणी बडं आलं. मग व्यासपीठ उठलं, मग सभागृह. कशासाठी उठलो हे निम्म्यांना माहीत नव्हतं. मी दाराला धरून रडत होते, मला माहीत होतं.

आज कुलसचिव पुन्हा दुकानात आले. लाल अस्तराच्या झग्याचं काय केलंत म्हणाले. मी दाखवलं, त्या रेशमाची इस्त्रीच्या फळीला खोळ शिवलीय, छान बसलीय. त्यांनी खोळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ताईंच्या अंगावरचा झगा कुणाचा होता?"

"तिचाच," मी म्हटलं. "तिने परीक्षा दिली त्या साली शिवलेला."

त्यांनी टेबलावरचा पुठ्ठा उचलून उलटसुलट बघितला. परिषदेतली हकिकत त्यांच्या कानावर आलेलीच होती. म्हणाले, मंडळाचे त्या सालचे कागद काढायला सांगितलेत, बघू काय होतं ते. मग अवघडून म्हणाले, "बाई, यंदा तरी हा नमुना बदला. सगळ्यांच्या अंगावर झगा वाकडा दिसतो."

मी म्हटलं, "परवा तिच्या अंगावर बघितलात ना? सरळच होता."

तुझी,
टाचणी